'क्लीव्ह' या क्रियापदाशी गाठ पडली तर या चुका टाळा

इंग्रजीतलं 'क्लीव्ह' रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही. पण जुनी कादंबरी, बायबल, शेक्सपिअर, पाककृती, खनिजांवरचं पुस्तक, प्रयोगशाळेतला अहवाल, यांपैकी कशाचंही भाषांतर करायला बसा, ते कुठंतरी आडवं येतंच. गेली अठरा वर्षं मी भाषांतरं तपासते आहे आणि या एका शब्दापाशी शिकलेसवरलेले लोक त्याच त्याच जागी ठेचकाळताना बघते आहे.

हे एकच क्रियापद आहे असं समजणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महाग चूक हीच. 'क्लीव्ह'चे दोन अर्थ आहेत, चिरणं आणि चिकटणं, असं लोक सांगतात. मग एका शब्दाला दोन उलट अर्थ कसे, याचं नवलही करतात. मुळात शब्दच दोन आहेत. जुन्या इंग्रजीत 'क्लेओफान' म्हणजे फोडणं आणि 'क्लिफियान' म्हणजे चिकटून राहणं. जर्मनमध्ये त्यांची भावंडं आजही वेगळी आहेत: 'क्लीबेन' म्हणजे फोडणं, 'क्लेबेन' म्हणजे चिकटणं. पहिल्याच्या घराण्यात ग्रीकमधला 'कोरणं' या अर्थाचा धातू येतो, ज्यातून हायरोग्लिफ हा शब्द आला. दुसऱ्याच्या घराण्यात क्ले आणि ग्लू, म्हणजे चिकणमाती आणि डिंक. इंग्रजीत उच्चार घासत घासत दोन्ही एका रूपावर येऊन थांबले, एवढंच.

1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये हा घोटाळा सगळ्यात स्पष्ट दिसतो. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम होमासाठी लाकडं फोडतो, तिथं 'क्लेव्ह' आहे. रूथच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात रूथ सासूला बिलगून राहते, तिथंही 'क्लेव्ह'च आहे. दोन्ही क्रियापदांचा जुना भूतकाळ अक्षरशः एक.

याच रूथने आम्हाला एकदा सोळा पानं पुन्हा छापायला लावली. एका जुन्या इंग्रजी कादंबरीचं मराठी भाषांतर छापखान्यात होतं. शेवटचं वाचन माझ्याकडे आलं तेव्हा पहिले काही फॉर्म, म्हणजे सोळा-सोळा पानांचे छापील भाग, तयार झाले होते. त्यात एक विधवा सून पत्रात स्वतःची तुलना रूथशी करते. मराठीत वाक्य होतं: 'ऑर्पाने सासूचा निरोप घेतला, आणि रूथने मात्र तिच्याशी नातं तोडलं.' (ऑर्पा ही रूथची जाऊ.) दोन मुद्रितं तपासून झाली होती, कुणालाच काही खटकलं नव्हतं. खटकणार तरी कसं? वाक्य गुळगुळीत होतं. मला खटकलं ते दोन पानं पुढे, जिथं हीच सून सासूचा हात धरून जहाजावर चढते. नातं तोडलं म्हणणारी बाई सासूबरोबर निघाली कशी?

मूळ काढून बघितलं. तिथं अर्थातच 'क्लेव्ह' होतं. भाषांतर करणारा मुलगा हुशार, त्याची मराठी चांगली. त्याने फोनवर शब्द शोधला, पहिला अर्थ आला 'चिरणे'. माणूस माणसाला चिरणार नाही, म्हणून त्याने समजूतदारपणे 'नातं तोडणं' केलं. मला म्हणाला, "पण ताई, डिक्शनरीत तेच दिलंय ना." मी जाडा कोश उघडून त्याच्यापुढे ठेवला. तिथं 'क्लीव्ह' दोनदा दिलेला असतो, दोन स्वतंत्र नोंदी, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक आकडा: एक, दोन. त्या आकड्याचा अर्थ असा की हे शब्द दिसायला सारखे, पण घराणी वेगळी. तो आकडा आता मी प्रत्येक नवशिक्याला बोटाने दाखवते. फोनवरचा पहिला अर्थ उचलून पुढे पळण्याची सवय मला मुळीच पटत नाही. त्यात चार सेकंद वाचतात आणि एक फॉर्म वाया जातो.

मग ओळखायचं कसं? मी आधी कर्म शोधते. लाकूड, कवटी, खडक, पाणी, असं काही थेट फोडलं जात असेल तर ते फोडणंच. कर्म नाही आणि पुढे 'टू' किंवा 'अनटू' आहे, तर चिकटणं. 'टुगेदर' आलं तरी बहुधा चिकटणंच. कर्मही नाही आणि 'टू'ही नाही, उदाहरणार्थ 'हे लाकूड सहज क्लीव्ह होतं', तर पुन्हा फोडणं. हा क्रम उलटा करू नका. 'टू दिसला की चिकटणं' असा एका ओळीचा नियम मागणारे खूप भेटतात, आणि जुन्या लढायांच्या वर्णनात तेच फसतात. तिथं शूर वीर शत्रूला 'हनुवटीपर्यंत' चिरतो, आणि ते 'पर्यंत' इंग्रजीत 'टू'नेच येतं. पण शत्रू हे कर्म समोर उभं असतं, म्हणून ते चिरणं.

मी समासात पेन्सिलीने 'फ' किंवा 'ज' लिहिते, फोडणे आणि जडणे. चिरणे आणि चिकटणे या जोडीचं पहिलं अक्षर मराठीतही एकच, म्हणून ती खुणेला चालत नाही. 'जडणे' मी मराठी बायबलमधून उचललं. पुरुष आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी 'जडून राहील', असं तिथं आहे. इंग्रजीतल्या 'क्लीव्ह अनटू'ला याहून नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. 'चिकटणे'ला गोंदाचा वास येतो, 'एकनिष्ठ राहणे' फार सभ्य होतं. 'जडणे'त शरीर आणि मन दोन्ही येतं.

शेक्सपिअरने दोन्ही वापरलेत. हॅम्लेटची आई म्हणते, तू माझ्या काळजाचे दोन तुकडे केलेस. तिथं 'क्लेफ्ट', म्हणजे 'फ'. मॅकबेथमध्ये बँको म्हणतो की नवे मानसन्मान नव्या कपड्यांसारखे असतात, वापरल्याशिवाय अंगाला बसत नाहीत; तिथं 'क्लीव्ह टू', म्हणजे 'ज'. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावा, अर्धा गोंधळ तिथंच मिटेल.

तीन रूपं पाठ करून तीच सगळीकडे लावणं

शाळेत आपण रूपं घोकतो, ते ठीकच आहे. पण 'क्लीव्ह, क्लोव्ह, क्लोव्हन' एवढं घोकून थांबलं की पंचाईत. ही रूपं फक्त फोडण्याची, आणि 'फ्रीज, फ्रोज, फ्रोजन'च्या घडणीची. जुन्या इंग्रजीत ती दोन क्रियापदं एकाच वर्गात होती. पुढे 'लीव्ह'चं 'लेफ्ट' होतं तसं 'क्लीव्ह'चं 'क्लेफ्ट' आलं, आणि साधं 'क्लीव्ह्ड'ही. तिन्ही आजही जिवंत आहेत, पण प्रत्येकाचं घर ठरलेलं आहे. चिकटण्याचा भूतकाळ मात्र आज फक्त 'क्लीव्ह्ड'. 'क्लोव्हन टू हिज वाइफ' असं कुणी लिहिलं की मला अंगावर काटा येतो.

घरं अशी: गाय, शेळी, डुक्कर यांचा खूर 'क्लोव्हन'. टाळू आणि ओठ 'क्लेफ्ट'. यांची अदलाबदल होत नाही. आणि 'क्लेफ्ट चिन' म्हणजे दुभंगलेली हनुवटी नव्हे, हनुवटीवरची खळी. देखण्या नायकाचा जबडा फुटल्यासारखं भाषांतर मी आजवर तीन वेळा दुरुस्त केलंय.

प्रयोगशाळेत एन्झाइमने प्रथिन तोडलं, तर फक्त 'क्लीव्ह्ड'. हिऱ्यांच्या धंद्यातही तेच. 1905 साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेला 3106 कॅरटचा कलिनन हिरा 1908 मध्ये अॅमस्टरडॅमला जोसेफ अॅशरने फोडला, तोही 'क्लीव्ह्ड'. आपलं इंग्रजी जुनं आणि भारदस्त दिसावं म्हणून अशा मजकुरात 'क्लोव्ह' घालायचा मोह आवरा.

खनिजांच्या बाबतीत 'क्लीव्हेज'ला मराठीत 'पाटन' हा शब्द आहे, विश्वकोशात तोच वापरलाय. त्याला उगाच 'फूट' किंवा 'भेग' करू नका. भेग कशीही जाते, पाटन ठरलेल्या दिशेनेच होतं. अभ्रकाचा तुकडा हातात घेऊन कडेला नख घाला, कागदाहून पातळ, सपाट पापुद्रा सुटून येतो. ते पाटन.

लसूण आणि लवंग

'क्लोव्ह' म्हणजे लवंग, हे आपल्याला लहानपणापासून माहीत, म्हणून इथं कुणी कोश उघडतच नाही. एका पुरवणीसाठी आलेल्या टोमॅटो सॉसच्या कृतीत लिहिलं होतं: 'सहा लवंगा सोलून ठेचून घ्या.' लवंगेला साल कुठली? मुळात होती लसणाची पाकळी. लसणाचा 'क्लोव्ह' आपल्या फोडण्याच्या घराण्यातला, गड्डा फुटून पाकळ्या होतात म्हणून. लवंगेचा 'क्लोव्ह' फ्रेंचमधल्या 'क्लू'वरून, म्हणजे खिळा. एक लवंग तळहातावर घेऊन बघा: वर डोकं, खाली दांडी, थेट खिळा. सोलणं, ठेचणं, बारीक चिरणं यांपैकी काहीही कृतीत आलं की ती पाकळी. सहा लवंगांच्या सॉसची चव कशी लागली असती, त्याचा विचार करा आणि पुढच्या वेळी कोश उघडा.

बाकीच्या, चटकन

'क्लीव्हर' म्हणजे खाटकाचा सत्तूर. 'क्लेव्हर' म्हणजे हुशार, तरी प्रूफमध्ये दोघांची अदलाबदल दरवर्षी होते.

'क्लेव्ह' हे रूप वाचण्यापुरतं ओळखा, स्वतःच्या इंग्रजीत लिहू नका.

जीभ टाळूला 'क्लीव्ह' होते, तेव्हा ती चिरत नाही, कोरडी पडून चिकटते. बायबलच्या स्तोत्रसंहितेत आणि ईयोबात दोन्हीकडे हे येतं.

'इन अ क्लेफ्ट स्टिक' म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. चिरलेल्या काठीत कुणी अडकलेलं नसतं.