खुडूक कोंबडीखाली विकतची पिल्लं सोडायची असतील तर

आमच्या परसात, गोराईला, चार-पाच गावठी कोंबड्या कायम असतात पण कोंबडा ठेवत नाही, कारण तो पहाटे चारला सुरू होतो आणि घरं एकमेकांना चिकटून आहेत, शेजाऱ्यांची झोप मोडते. मुंबईत बहुतेक जणांचं हेच असणार. आता कोंबडा नाही म्हणजे अंड्यात जीव नाही, त्यामुळे कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली, की तीन आठवडे काय, दोन महिने बसली तरी खालून काही निघत नाही, आणि ती बिचारी खाणंपिणं सोडून वाळत जाते. अशा वेळी विकतची पिल्लं तिच्या पोटाखाली सोडणं हा सगळ्यात चांगला मार्ग, तिलाही पिल्लं मिळतात आणि आपल्यालाही पिल्लांच्या उबेसाठी महिनाभर बल्ब लावून बसावं लागत नाही. फक्त वेळ चुकवायची नाही, सगळा खेळ वेळेचा आहे.

आधी ती खरंच खुडूक आहे ना ते बघा. दुपारी खोक्यात बसून राहते म्हणजे खुडूक असं नाही. रात्री बाकीच्या दांडीवर जातात तेव्हाही ती खालीच बसलेली पाहिजे, हात नेला की पिसं फुगवून कुर्रर्र करते, छातीखालची पिसं उपटलेली असतात आणि तिथली कातडी हाताला चांगली गरम लागते. दिवसातून एकदाच पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, एक मोठी घाण वासाची विष्ठा टाकते आणि पळत परत जागेवर. हे सगळं दिसलं तर पक्कं.

पण त्याच दिवशी पिल्लं आणायला धावू नका. अंडं उबायला 21 दिवस लागतात आणि बरेच दिवस बसल्यावरच तिचं अंग आणि मन पिल्लांसाठी तयार होतं. आपल्याला पूर्ण 21 थांबायलाच पाहिजे असं नाही, पण निदान दोन आठवडे तरी बसू द्या. तोपर्यंत खाली लाकडी अंडी नाहीतर टेबल टेनिसचे बॉल ठेवायचे, खरी अंडी ठेवू नका, आपल्या उकाड्यात सडून फुटतात. याच दिवसांत तिला कोरड्या मातीत चुलीची राख मिसळून अंघोळ करायला द्या, खुडूक कोंबडीच्या अंगात पिसवा-लिखा फार होतात आणि त्या नंतर थेट पिल्लांवर चढतात.

पिल्लं एक दिवसाची, फार तर दोन दिवसांची. तीनच्या पुढे जाऊ नका. पिल्लाला सुरुवातीचे दोन-तीन दिवसच कळत असतं की जो उबदार आहे आणि कुडूक कुडूक आवाज करतो तो आपला, त्यानंतर ते कोंबडीला घाबरतं आणि ते पळालं की कोंबडी त्याला परकं समजून टोचते. मी एकदा हीच चूक केली, पिल्लं आठवड्याची होती आणि कोंबडी बसून जेमतेम चार दिवस झाले होते. सकाळी दार उघडलं तर एक पिल्लू कोपऱ्यात डोकं फोडलेलं पडलेलं आणि बाकीची एकमेकांवर चढून भिंतीला चिकटलेली. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून सांगते, रस्त्यावर मिळतात ती गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं यासाठी घेऊच नका, त्यांचं वय कोणी खरं सांगत नाही. आरे कॉलनीत केंद्र सरकारचं कुक्कुट केंद्र आहे तिथे चौकशी करा किंवा पिल्लं उबवून विकणाऱ्या हॅचरीकडून तारीख विचारून घ्या, मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस दिलीये का तेही विचारा, ती पहिल्याच दिवशी द्यायची असते.

आणताना खोक्याला भोकं पाडा आणि खाली नुसता पेपर घालू नका, पिल्लांचे पाय घसरून फाकतात, जुनी चादर किंवा भाताचं तूस घाला. आम्ही बोरिवलीहून होडीने आणतो, खाडीवर वारा लागतो म्हणून खोक्यावर टॉवेल असतो. घरी आल्यावर आधी गुळाचं कोमट पाणी, प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवायची, मग खाणं, आणि संध्याकाळपर्यंत बल्बखाली उबेत. गारठलेलं पिल्लू कोंबडीखाली ढकलायचं नाही, ते हलत नाही आणि चिवचिवतही नाही.

जागा वेगळी करा. वर टांगलेलं खोकं चालणार नाही, पिल्लू खाली पडलं की परत चढता येत नाही. जमिनीला टेकलेला छोटा खुराडा, चारी बाजूंनी आणि खालूनही अर्ध्या इंचाची जाळी. खालून का, तर घूस. मुंबईत मांजरापेक्षा घुशीची भीती जास्त, एका रात्रीत माती उकरून आत येते. कोंबडीला या जागेत तीन-चार दिवस आधीच हलवा, तेही रात्री, म्हणजे ऐनवेळी जागा बदलली म्हणून उठून जाणार नाही.

आता सोडायची रात्र. नऊ-साडेनऊ होऊ द्या, पूर्ण काळोख हवा, मोबाईलच्या टॉर्चवर लाल कापड धरा. घरातली मुलं, कुत्रा, सगळे आत. एक पिल्लू मुठीत घ्या, हात तिच्या बाजूने हळूच पोटाखाली सरकवा, एक बॉल काढून घ्या आणि पिल्लू तिथेच सोडा. टोचेल तर हाताला टोचू दे, झटक्यात ओढू नका. मग नुसतं बसून ऐका. आधी पिल्लू जोरात चिवचिवतं, मग आवाज बारीक होत होत एक सलग ट्रिर्रर्र असा येतो, आणि वरून कोंबडी अगदी हळू, घशातल्या घशात कुक् कुक् करते, जो आवाज तिने इतके दिवस कधीच काढलेला नसतो. तो ऐकला की माझ्या तर अंगावर काटा येतो. दहा-पंधरा मिनिटांनी बाकीची एकेक करून. पहिल्यांदा आई होणाऱ्या कोंबडीला पाच-सहाच द्या, अनुभवी असेल तर आठ-दहा.

खरी परीक्षा पहाटे असते, ती पिल्लांना पहिल्यांदा उजेडात बघते तेव्हा. उजाडायच्या आधी तिथे हजर राहायचं, या दिवशी आळस नको. पिल्लांच्या पाठीवर चोच हलकी लावते, दाणा उचलून परत टाकून त्यांना बोलावते, तर झालं. एखादी टोचणी दिसली तरी थांबून बघा, पण डोक्यावर नेम धरून मारते, पाठलाग करते किंवा उठून कोपऱ्यात जाऊन ओरडते तर सगळी पिल्लं लगेच उचला आणि परत बल्बखाली. वाटलंच तर पुढच्या रात्री एकदा करून बघा, त्याच्यापुढे हट्ट नाही. म्हणूनच बल्बचं खोकं आधीपासून तयार पाहिजे, पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण 35 अंश ऊब लागते आणि आपल्या मे महिन्यातही रात्री तेवढं नसतं.

खाणं दोघांनाही चिक स्टार्टरच, म्हणजे लहान पिल्लांसाठी मिळतं ते खाद्य. अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने किडनी खराब होते. कोंबडी अजून अंडी देत नाहीये त्यामुळे तिला स्टार्टर चालतं. पाणी उथळ बशीत, त्यात खडे टाकून, नाहीतर पिल्लू बुडतं. पावसाळ्यात तूस रोज बघायचं, ओलं झालं की बदलायचं, ओलाव्यात रक्ती हगवण लागते आणि ती दोन दिवसांत सगळी पिल्लं नेते. लासोटा (राणीखेतची लस) पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची लस चौदाव्याच्या आसपास, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून.

आठवडाभर जाळीतच राहू द्या, बाकीच्या कोंबड्यांना बाहेरून दिसत राहतील. मग अंगणात सोडा पण पहिले काही दिवस कोणीतरी बसलेलं हवं, घारी आणि कावळे वरच असतात. सावली फिरली तरी आई एक विशिष्ट आवाज काढते आणि सगळी पळत पंखांखाली घुसतात, एखाद-दुसरं डोकं तेवढं पिसांतून बाहेर दिसतं. पाच-सहा आठवड्यांनी ती स्वतःच त्यांना टोचून लांब करायला लागेल, परत दांडीवर झोपायला जाईल, तेव्हा मध्ये पडू नका, फक्त पिल्लांचं खाणं वेगळ्या ठिकाणी ठेवा.