टोमॅटोची बांधणी सुरू करताय? आधी तंबाखूची पुडी बाजूला ठेवा

उन्हाळी टोमॅटोची पहिली बांधणी, म्हणजे झाडं सुतळीनं बांबू-तारेला बांधणं, आता तोंडावर आलीय म्हणून घाईत लिहितोय, बाकी कामं मागं पडली तरी चालतील. दरवर्षी तेच बघतोय, गडी तळहातावर तंबाखू मळतो, तोंडात टाकतो आणि त्याच हातानं फुटवे काढत ओळ संपवतो. दोन-तीन आठवड्यांत त्याच ओळीत पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे, पानं चिंचोळी, फळ कापलं तर आतून तपकिरी. एका प्लॉटवर मी स्वतः पाहिलंय, रोग ओळ धरून गेलेला आणि शेजारच्या न बांधलेल्या दोन ओळी हिरव्यागार.

हा तंबाखू मोझॅक व्हायरस, टोमॅटो मोझॅक त्याचा सख्खा भाऊ. तंबाखूचं पान वाळवलं तरी तो टिकतो, त्याचं कवचच तसं आहे. साधारण 95 टक्के प्रोटीन, 5 टक्के आरएनए, म्हणजे व्हायरसची अनुवंशिक माहिती असलेला धागा. कणसावर दाणे बसावेत तसे प्रोटीनचे सुमारे 2130 एकसारखे तुकडे आरएनएभोवती बसलेले, एकेका तुकड्यात 158 अमिनो आम्लं, तीच जी आपल्या डाळीत-दुधात असतात. 1935 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ वेंडेल स्टॅन्लीनं याचे स्फटिक करून दाखवले. ना श्वास ना पचन, मग बुरशीनाशक मारणार कशाला? दुकानदार 'व्हायरसवर जालीम' म्हणून बाटली पुढं करेल, घेऊ नका, ते पैसे मजुरीला द्या. पांढरी माशी, फुलकिडे यांच्यामुळं येणारे व्हायरस वेगळे, तिथं किडीचा बंदोबस्त लागतोच. हा मात्र हात, कात्री, सुतळीनं पसरतो.

- बांधणीआधी हात साबणानं कोपरापर्यंत, नखांसकट
- साय काढलेल्या दुधाची पावडर 200 ग्रॅम एक लिटर पाण्यात, हात-कात्री त्यात बुडवत राहा, दुधातलं प्रोटीन व्हायरसला चिकटून त्याला निकामी करतं
- घरचं बी असेल तर ट्रायसोडियम फॉस्फेट 100 ग्रॅम प्रति लिटर, 20 मिनिटं, हातमोजे घालून, मग भरपूर पाण्यानं धुणं. औषध लावलेल्या पाकीटबंद बियाला हे नको
- चट्टेवालं झाड मुळासकट उपटून पिशवीत, लगेच
- सुतळी नवीन

दुधात हात किती झाडांनंतर बुडवायचे हे कुठं ठरलेलं नाही, मी पंधरा-वीस झाडांनी बुडवतो. आणि सकाळी निरोगी ओळी आधी, आजारी शेवटी, याचा फरक मला प्रत्येक वेळी दिसलाय.

बाकी नेहमीचं: बांबू, तार, ठिबक तपासणी, मल्चिंग, तण.

सॅनिटायझर लावला तर चालेल का असं बरेच विचारतात. अल्कोहोलनं याचं कवच फारसं बिघडत नाही, त्यावर विसंबू नका, साबण-पाणीच घ्या आणि जेवणानंतर पुन्हा धुवा, कारण पुडी जेवणानंतरच निघते.