लाकूड आणि रेल्वेवर वाढलेल्या गावाचा इतिहास : वखारीच्या वह्या कशा वाचाव्यात

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरसारख्या गावाचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक जण आधी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, उघडतात. पण खानदेशचे गॅझेटियर 1880 चे आहे, आणि सुरत–अमळनेर ही तापी व्हॅली रेल्वे आली 1900 च्या सुमारास. गॅझेटियरमध्ये मिळते ते रेल्वेपूर्वीचे गाव. गाडी आल्यावर सागवानाच्या वखारी कशा वाढल्या, हे वखारवाल्यांच्या वह्या आणि जुन्या बिल्ट्या (रेल्वेने माल पाठवल्याच्या पावत्या) सांगतात. अशा वह्या अजूनही माळ्यावर वाळवी खात पडलेल्या असतात, म्हणून कामाची सुरुवात तिथूनच करा. वही घरी नेऊ नका. मालकाच्या ओट्यावरच, उजेडात, पानागणिक फोटो काढा. पहिला फोटो वहीच्या पुठ्ठ्याचा हवा, नाहीतर पुढे कोणते पान कोणत्या वहीतले हेच कळेनासे होते.

सगळ्यात मोठी चूक घनफुटात होते. गोल ओंडक्याचे माप पूर्वी ‘चौथाई घेरा’ पद्धतीने काढत: घेर इंचांत मोजायचा, त्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करून फुटांतल्या लांबीने गुणायचे आणि 144 ने भागायचे. 48 इंच घेराचा, 10 फूट लांबीचा ओंडका घ्या. चौथाई 12, वर्ग 144, म्हणजे वहीत 10 घनफूट. त्याच ओंडक्याचे खरे आकारमान मात्र सुमारे 12.73 घनफूट भरते, कारण या पद्धतीत साधारण 21 टक्के लाकूड हिशेबाबाहेर राहते. म्हणून असे घनफूट घनमीटरमध्ये आणताना 0.0283 ने गुणू नका, 0.036 ने गुणा. नेहमीच्या कोष्टकाने रूपांतर केले तर गावातून गेलेले लाकूड पाचव्या हिश्शाने कमी दिसते आणि पुढचे सगळे निष्कर्ष फसतात. वहीत कोणती पद्धत आहे हे ओळखायला लांबी, घेर आणि घनफूट अशा तिन्ही नोंदी असलेल्या चार-पाच ओळी निवडून गणित करून पाहा. चिरलेल्या, चौकोनी मालाला मात्र साधे घनफूटच धरायचे.

तारखांचेही तसेच. गुजराती पेढीची वही दिवाळीला बदलते. तिथे इसवी सन काढायला कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत विक्रम संवतातून 57 वजा करा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत 56. संवत 1990 चा कार्तिक 1933 मध्ये, वैशाख 1934 मध्ये. काही पेढ्या वर्ष चैत्रात बदलतात, त्यांचा वैशाख 1933 मध्येच पडेल. म्हणून वही नेमकी कुठे बदलते ते आधी पाहा. बिल्टीवरचा मण 40 शेरांचा, म्हणजे 37.32 किलोचा. रुपये-आणे-पै 31 मार्च 1957 पर्यंत.

सरकारी कागद शोधताना जिल्ह्याचे नाव काळाप्रमाणे बदला. 1906 पर्यंत खानदेश, मग पश्चिम खानदेश, 1960 नंतर धुळे, 1 जुलै 1998 पासून नंदुरबार. रेल्वेचे कागद 1951 नंतर पश्चिम रेल्वेच्या नावाने शोधावेत.

गावात कुंपणाला किंवा खांबाला वापरलेले जुने रूळ दिसतील. त्यांच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव आणि साल उठावात असते. कागद लावून पेन्सिलने घासा, अक्षरे उमटतात. ते साल मात्र रूळ बनल्याचे, लाइन पडल्याचे नव्हे. एकीकडचे उखडलेले रूळ दुसरीकडे टाकत असत. चालू लाइनीवर अजिबात जाऊ नका; रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 नुसार तो गुन्हा आहे.

आणि एक गोष्ट टाळू नका. वहीत ठेकेदार आणि व्यापारी भेटतात. कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, कुऱ्हाड चालवणारा मावची, भिल्ल, कोकणा माणूस भेटला तर फक्त मजुरीच्या बेरजेत. त्याची बाजू वयस्कर माणसांकडूनच मिळवावी लागते, तीही त्यांच्या बोलीत आणि त्यांच्या घरी. ‘तेव्हा कसं होतं?’ असे मोघम विचारले की उत्तरही मोघम येते. कोणत्या महिन्यात तोड चालायची, ओंडके गाड्यावर कसे चढवत, मजुरी धान्यात की पैशात, जंगल कामगारांची सहकारी सोसायटी आल्यावर काय बदलले, असे विचारा. रेकॉर्डिंगला परवानगी घ्या, बोलीतले शब्द जसेच्या तसे उतरवा आणि लिहिलेले परत जाऊन त्यांना वाचून दाखवा.