दंडाची कंडरा तुटली: ऑपरेशन करायचं की नाही, हे कसं ठरवाल?

भरलेला गॅस सिलिंडर उचलताना किंवा कलंडणारं कपाट सावरताना कोपराच्या पुढच्या बाजूला फट्‌कन आवाज होतो. सणकून कळ येते आणि थोड्या वेळात ओसरते. दोन दिवसांनी कोपराभोवती काळंनिळं दिसू लागतं. घरचे म्हणतात, लचक भरली असेल, तेल लावून चोळ. चोळण्यात पंधरा दिवस जातात, आणि या दुखापतीत नेमके तेच पंधरा दिवस मोलाचे असतात.

१. कुठलं टोक तुटलंय ते आधी कळू द्या

स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. दंडाच्या पुढच्या बाजूचा फुगणारा स्नायू म्हणजे बायसेप्स. त्याला खांद्यापाशी अशा दोन कंडरा असतात, कोपरापाशी मात्र एकच. खांद्याकडची लांब कंडरा तुटण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. ती बहुधा वयानुसार झिजून तुटते. मग दंडाचा गोळा खाली कोपराकडे घसरतो. दिसायला विचित्र दिसतं, पण शेजारची कंडरा शाबूत असल्यामुळे हाताचं काम फारसं अडत नाही. कोपराकडची तुटली तर गोळा उलट वर सरकतो, आणि तिथे भार घ्यायला दुसरी कंडरा नसते.

२. बोट अडकवून बघा, मग डॉक्टरांकडे जा

कोपर काटकोनात वाकवा, तळहात स्वतःकडे वळवा. दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या खळगीत बाहेरच्या बाजूने घालून ताठ दोरी आकड्यासारखी पकडता येते का बघा. धड हातावरही करून तुलना करा. दोरी सापडलीच नाही तर ती तुटल्याची शंका बळावते. सापडली म्हणून निर्धास्त राहू नका; कंडरा अर्धवटही तुटते. एक्स-रेवर कंडरा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील.

३. खांद्याकडची असेल तर घाई नको

बहुतेकांचं विश्रांती आणि फिजिओथेरपीवर भागतं. तरुण वय, रोजचं अंगमेहनतीचं काम, न थांबणारे पेटके किंवा खांद्यातल्या इतर कंडराही फाटलेल्या असणं, अशा वेळी ऑपरेशनचा विचार होतो. केवळ दंडाचा आकार बिघडला म्हणून ऑपरेशन करायचं का? माझं मत नाही असं आहे, पण दंड तुमचा आहे.

४. कोपराकडची असेल तर हाताला काम काय, ते मांडा

लोकांना वाटतं, ऑपरेशन केलं नाही तर हात वाकणारच नाही. तसं नसतं. कोपर वाकवायला बायसेप्सच्या खाली दुसरा दणकट स्नायू आहे. ऑपरेशन न केल्यास वाकवण्याची ताकद ढोबळमानाने ३० टक्के घटते. खरा फटका बसतो तळहात वर वळवण्याच्या ताकदीला, ती सुमारे ४० टक्के जाते. उजव्या हाताने स्क्रू पिळून घट्ट करणं म्हणजे हीच हालचाल. शिवाय हात लवकर थकतो.

म्हणून सुतार, वायरमन, मेकॅनिक, पैलवान यांनी सहसा ऑपरेशनकडे झुकावं. सत्तरीतले आजोबा, मधुमेह, हृदयविकार, त्यात तुटलेला हात डावा आणि वापर कमी, अशा घरात ‘राहू द्या’ हाही शहाणा निर्णय असू शकतो.

५. कॅलेंडरवर खूण करा

कोपराकडची कंडरा शिवायची तर दुखापतीपासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शिवलेली बरी. पुढे ती वर आखडते, आजूबाजूला चिकटते, कधी दुसरीकडची कंडरा घेऊन जोड द्यावा लागतो. ‘महिनाभर बघू, मग ठरवू’ म्हणणाऱ्याचा निर्णय नकळत होऊन बसतो.

६. सर्जनना हे विचारा

अशी ऑपरेशन्स तुम्ही किती केलीत? मज्जातंतूला इजा होण्याची शक्यता किती? हाताच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा बऱ्याच जणांना येतो आणि बहुधा हळूहळू जातो. बोटं उचलणाऱ्या मज्जातंतूला इजा क्वचित होते, पण ती गंभीर. नको तिथे हाड वाढणं आणि कंडरा पुन्हा तुटणं, हेही विचारून घ्या. कंडरा हाडात अडकवायला लागणाऱ्या इम्प्लांटचा खर्च अंदाजपत्रकात धरलाय का, मेडिक्लेम तो देईल का, तेही आधीच बघा. सिगारेट ओढत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका; ही कंडरा तुटण्याचा धोका धूम्रपानाने बराच वाढतो.

जड ओझं उचलायला साधारण चार ते सहा महिने लागतात. हातावर पोट असेल तर ऑपरेशनच्या बिलात या महिन्यांची बुडालेली कमाईही मिळवा. आणि दुचाकी कधी चालवता येईल ते विचाराच. उजव्या हाताचं ऑपरेशन असेल तर ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही त्याच हाताकडे आहेत.