ब्रिटनमध्ये हप्ते बाकी असताना गाडी बदलायची असेल तर

नव्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेण्याआधी जुन्या गाडीचे तीन आकडे कागदावर लिहा: आज कर्ज मिटवायला किती लागतील, आज गाडीला किती मिळतील, आणि कराराच्या एकूण रकमेचा अर्धा किती. हे माहीत नसताना शोरूममध्ये गेलात, तर हिशेब सेल्समन मांडतो आणि तुम्हाला दिसतो फक्त महिन्याचा हप्ता.

आधी करार कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. एचपी (हायर पर्चेस, म्हणजे हप्ते फिटले की गाडी तुमची) किंवा पीसीपी (पर्सनल कॉन्ट्रॅक्ट पर्चेस, म्हणजे हप्ते लहान पण शेवटी एक मोठी रक्कम भरली तरच गाडी तुमची) असेल, तर शेवटची रक्कम फिटेपर्यंत गाडी फायनान्स कंपनीचीच असते. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, तुमचं नाव असतं ते नोंदणीदार म्हणून. तो मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून कर्ज न मिटवता गाडी परस्पर विकता येत नाही. बँकेच्या साध्या वैयक्तिक कर्जावर घेतलेली गाडी मात्र तुमचीच. ती विका आणि कर्ज आपल्या सवडीने फेडा. लीजची, म्हणजे मुदतीपुरती भाड्याने घेतलेली गाडी ही तिसरी तऱ्हा. तिथे करारात मुदतपूर्व सुटकेची जी रक्कम लिहिली असेल तीच भरावी लागते, आणि ती बहुधा जड असते. पुढचा मजकूर एचपी आणि पीसीपीवाल्यांसाठी.

कंपनीकडे ‘सेटलमेंट फिगर’, म्हणजे आज कर्ज मिटवायला लागणारा आकडा, लेखी मागा. मुदतीआधी कर्ज मिटवण्याचा हक्क १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टने दिलेला आहे आणि उरलेल्या काळाच्या व्याजात सूटही मिळते. सगळी सूट मात्र नाही. हिशेबाची तारीख तुमची सूचना मिळाल्यापासून २८ दिवसांनंतरची धरतात, आणि करार वर्षाहून मोठा असेल तर कंपनी ती आणखी महिनाभर पुढे नेऊ शकते. म्हणजे सुमारे दोन महिन्यांचं व्याज गेलं असं समजा. आकडा कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे पत्रावर असतं. तोवर एखादा हप्ता बँकेतून जाणार असेल, तर तो धरून आकडा दिलाय की न धरता, हे विचारूनच घ्या. एकच हप्ता दोनदा जातो तो इथेच.

गाडीची किंमत निदान तीन ठिकाणी काढा. डीलर जुन्या गाडीला जास्त देतो म्हणाला की नव्या गाडीवरची सवलत किती आखडली तेही बघा. जुनी देऊन नवी घेताना पदरचे एकूण किती जातात, एवढाच आकडा खरा.

आता पीसीपीचं एक उदाहरण. गाडी २०,००० पौंडांची. २,००० पौंड डिपॉझिट, २९० पौंडांचे ४८ हप्ते, शेवटची मोठी रक्कम ८,००० आणि मालकी घेण्याची फी १०. एकूण देय २३,९३०, त्याचा अर्धा ११,९६५. तीस हप्त्यांनंतर तुमचे १०,७०० भरून झालेत आणि कर्ज मिटवायला सुमारे १२,१०० लागतील. गाडीला १२,८०० मिळत असतील तर डीलर कर्ज मिटवतो आणि ७०० पौंड नव्या गाडीच्या डिपॉझिटला येतात, प्रश्नच मिटला. पण ९,५०० च मिळत असतील तर खड्डा २,६०० चा.

तो खड्डा नव्या कर्जात टाकून देऊ, असं डीलर सहज म्हणेल. शक्यतो टाळा. जी गाडी तुमच्याकडे उरलीच नाही तिच्यावर आणखी तीन-चार वर्षं व्याज भरत बसाल आणि पुढच्या वेळी खड्डा जास्त खोल असेल.

अशा वेळी अर्ध्या रकमेचा नियम कामी येतो. १९७४ च्या त्याच कायद्याच्या कलम ९९ आणि १०० नुसार एकूण देय रकमेच्या अर्ध्यापर्यंत भरणा झाला की गाडी परत देऊन मोकळं होता येतं. याला ‘व्हॉलंटरी टर्मिनेशन’ म्हणतात. वरच्या उदाहरणात १,२६५ पौंड भरले की सुटका. २,६०० पेक्षा ते केव्हाही स्वस्त. पाच हप्ते थांबलात तर वरचं काही भरायलाच नको. डिपॉझिट या अर्ध्यात धरलं जातं, थकलेले हप्ते मात्र भरावे लागतात, आणि अर्ध्याहून जास्त भरलं असेल तर परतावा मिळत नाही. पीसीपीत शेवटची मोठी रक्कमही एकूणात मोजली जाते, म्हणून अर्धा टप्पा उशिरा येतो. निम्मे महिने झाले म्हणजे निम्मे पैसे झाले, असं नाही.

सूचना लेखी द्या आणि तिच्यात कलम ९९ चा उल्लेख करा. फोनवर ‘गाडी परत करायची आहे’ एवढंच बोललात, तर ‘व्हॉलंटरी सरेंडर’चा फॉर्म पुढे येऊ शकतो. नाव सारखं, परिणाम उलटा: त्यात गाडी लिलावात जाते आणि उरलेलं सगळं कर्ज तुमच्या गळ्यात राहतं. कंपनीने पाठवलेला कोणताही फॉर्म शब्दन् शब्द वाचल्याशिवाय सही करू नका.

गाडी वाजवी निगा राखलेली असायला हवी. त्यापलीकडच्या नुकसानीचे पैसे मागतात. खरचटलेली रिम, फुटलेली काच, हरवलेली दुसरी चावी ही नेहमीची कलमं. देण्याच्या दिवशी गाडी धुवा, चारही बाजू, चाकं, सीट आणि मायलेजचा आकडा यांचे फोटो काढा, आणि न्यायला येणाऱ्याकडून तपासणीच्या कागदाची प्रत मागा. ओली गाडी तपासायला देऊ नका. ओरखडे तेव्हा दिसत नाहीत आणि वाळल्यावर बिलात दिसतात.

गाडीला स्वतःचा खास नंबर घेतला असेल तर गाडी हातातून जाण्याआधी तो आपल्या नावावर राखून ठेवा. डीव्हीएलएची (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याची) फी ८० पौंड आहे. गाडी गेल्यावर डीव्हीएलएला कळवलं की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो. गॅप इन्शुरन्स (गाडी चोरीला गेली किंवा निकामी झाली तर नेहमीच्या विम्यातून न भरणारी तूट देणारा विमा) किंवा सर्व्हिस प्लॅन आगाऊ पैसे भरून घेतला असेल, तर उरलेल्या मुदतीचा परतावा मागा. तो बहुतेक वेळा मागितल्याशिवाय येत नाही.