इन्व्हर्टरची बॅटरी लवकर का बसते?

घरच्या इन्व्हर्टरला जोडलेली १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) ट्यूब्युलर (नळीदार प्लेटांची, पाणी घालावं लागणारी) बॅटरी नीट सांभाळली तर पाच वर्षं सहज काढते. दोन वर्षांत बसली, तर बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक: पाण्याची हयगय, नाहीतर उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं.

आधी पाणी. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातात. कमी होतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. म्हणून पातळी खाली गेली की फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. ‘बॅकअप कमी झालाय, थोडं ॲसिड टाकू’ असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. ॲसिडची घनता वाढते आणि आतल्या शिशाच्या प्लेटा लवकर खराब होतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. एसीच्या नळीतून गळणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश घेऊन येतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी तर अजिबात नको.

पाणी घालण्याआधी इन्व्हर्टर बंद करा, प्लग काढा आणि खोलीच्या खिडक्या उघडून थोडा वेळ जाऊ द्या. चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. बॅटरीजवळ देव्हारा, उदबत्ती, गॅसची शेगडी नको आणि बंद कपाटात बॅटरी तर नकोच. हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढा, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, नरसाळं प्लास्टिकचं घ्या.

पाणी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरच घालायचं. चार्ज होताना पातळी वर चढते, त्यामुळे उतरलेली बॅटरी काठोकाठ भरली की ॲसिड बुचांतून बाहेर येऊन ट्रॉलीवर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेवढाच अपवाद: त्या जेमतेम बुडतील इतकं घाला, पूर्ण चार्ज करा, मग उरलेलं भरा. बॅटरीचे सहाही सेल (आतले कप्पे) वेगवेगळे बघावे लागतात. फ्लोटची (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेची) दांडी वरच्या खुणेला आली की थांबा. मार्च ते जून दर महिन्याला बघा, एरवी दोन महिन्यांनी चालेल.

हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायचं साधन) स्वस्त असतो, घेऊन ठेवा. पूर्ण चार्ज झालेल्या ट्यूब्युलर बॅटरीत २७ अंश सेल्सिअसला तो साधारण १.२४० दाखवतो (गाडीच्या बॅटरीत १.२६० ते १.२८०, त्या आकड्याशी तुलना करून घाबरू नका). एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने खाली असेल तर तोच सेल कमजोर झालाय. पाणी घातल्या घातल्या मोजलं तर आकडा चुकतो, कारण वरचं पाणी अजून खालच्या ॲसिडमध्ये मिसळलेलं नसतं.

आता दुसरं कारण. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं, आठवडाभर तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात आणि क्षमता कायमची घटते. लोडशेडिंग संपल्यावर ‘वीज वाचेल’ म्हणून चार्जिंग बंद ठेवणं म्हणूनच महागात पडतं. काही तास लोड आणि चार्जिंगशिवाय ठेवलेल्या ट्यूब्युलर बॅटरीचा व्होल्टेज साधारण १२.५ हवा, १२.२ म्हणजे ती बरीच उतरलेली.

इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा स्विच असेल तर तो एकदा जरूर तपासा. सीलबंद बॅटरी ट्यूब्युलरच्या सेटिंगवर राहिली तर जास्त व्होल्टेजने तिच्यातलं पाणी उडतं, आणि ते परत भरायला तिला बुचंच नसतात.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमली की तिथला जोड तापतो. आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. सगळी बुचं घट्ट आहेत ना बघा; सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिड मरतं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, आधी पॉझिटिव्ह मग निगेटिव्ह वायर घट्ट बसवा, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

चोवीस व्होल्टच्या जोडीत एक जुनी, एक नवी बॅटरी घालू नका. जुनी आधी भरते आणि आधी उतरते, आणि नवीलाही पूर्ण चार्ज मिळत नाही.

घर महिना-दोन महिने बंद राहणार असेल, तर पूर्ण चार्ज करून इन्व्हर्टर बंद करा आणि निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. त्याहून जास्त काळ असेल, तर किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन दर दोन महिन्यांनी एकदा पूर्ण चार्ज करवून घ्या.