घरच्या टबात पाण्यातल्या पिसवा, म्हणजे मोइना, कशा वाढवायच्या

टँकमधल्या गप्पी-मॉली माशांची पिल्लं जगत नाहीयेत ना, मग नुसत्या पावडर फूडवर ठेवू नका, जिवंत खाणं द्या. नाव पिसू असलं तरी ही चावत वगैरे नाही, खेकडा-कोळंबीच्या नात्यातला बारीक जीव आहे. यांचाच मोठा भाऊबंद डाफ्निया ५ मिमीपर्यंत जातो पण त्याला गारवा लागतो, आपल्या उन्हाळ्यात मोइनाच बरा, जेमतेम १ मिमीचा आणि ३० डिग्रीलाही मस्त वाढतो.

आधी २०-२५ लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या. नळाचं पाणी भरून १-२ दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून गेलं पाहिजे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी अजिबात नको, तांबं यांच्यासाठी विष आहे. टब अर्धवट उन्हात ठेवा आणि वरून मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, हे विसरू नका, नाहीतर मोइनाऐवजी डासांच्या अळ्या पोसाल.

बी, म्हणजे सुरुवातीला सोडायच्या थोड्या जिवंत मोइना, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळतं. टाकताना पिशवी अर्धा तास टबात तरंगत ठेवा, मग हळूहळू सोडा.

आता खाणं, आणि सगळे इथेच चुकतात! तळ्यात हे जीव पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ आणि बॅक्टेरिया गाळून खातात, म्हणून पाणी नितळ राहतं, आणि यांना मासे खातात, म्हणजे शेवाळातलं पोषण माशाच्या पोटात जातं ते यांच्यामार्फत. टबातही तेच करायचंय. टँकचं जुनं पाणी बरणीत भरून उन्हात ठेवलं की काही दिवसांत हिरवं होतं, ते थोडं थोडं घाला. ते नसेल तर बेकरीचं यीस्ट, चिमूटभर, कोमट पाण्यात कालवून, पाणी जरासं धुरकट दिसेल इतकंच. ते नितळ झाल्याशिवाय परत घालायचं नाही म्हणजे नाही, कारण उरलेलं यीस्ट सडतं, ऑक्सिजन संपतो आणि एका रात्रीत अख्खा टब मरतो. पिसवा लालसर दिसायला लागल्या तर समजा ऑक्सिजन कमी पडतोय, त्या हिमोग्लोबिन वाढवतात म्हणून तो रंग येतो. एअर पंप लावला तर बुडबुडे मोठे ठेवा, बारीक बुडबुडे कवचात अडकून त्या वर तरंगतात.

सगळं जमलं तर आठवडाभरात टब गजबजतो, कारण माद्या नराशिवायच पिल्लं देतात. मग बारीक जाळीने गाळून काढा, एका वेळी पाव भागाच्या वर नको. फायटर माशाची अगदी नवी पिल्लं असतील तर थोडं थांबा, त्यांच्या तोंडात मोइनाही मावत नाही.

आणि टब बसलाच, म्हणजे सगळ्या पिसवा मेल्या, तरी गाळ फेकू नका हं. हाल व्हायला लागले की नर जन्मतात आणि माद्या जाड कवचाची अंडी टाकतात, ती वाळली तरी मरत नाहीत. गाळ सावलीत सुकवून कागदात बांधून ठेवा, पुढे कधीतरी साध्या पाण्यात टाका, काही दिवसांत पांढरे ठिपके उड्या मारताना दिसतील.